दहापैकी बाई

बाईंसमोर ‘नेहमी’ हा शब्द वापरायची सोय नव्हती. ‘इथला चहा नेहमी चांगला असतो,’ असं कुणी सहज म्हटलं की कपातून तोंड वर न काढता त्या विचारायच्या, ‘दहापैकी किती वेळा?’ रिक्षावाला म्हणाला, ‘ह्या रस्त्याला कायमच गर्दी,’ तरी तेच. एका लग्नात वरमाईनं ‘आमच्याकडची माणसं कधी खोटं बोलत नाहीत’ असं कौतुकानं सांगितलं, तेव्हाही बाईंनी तेच विचारलं, आणि पुढं त्या घरच्या बारशाचं आमंत्रण त्यांना आलं नाही. सोलापुरातल्या एका कॉलेजात त्यांनी उभी हयात संख्याशास्त्र शिकवलं. खरं आडनाव हजेरीपटावर होतं. मुलांच्या तोंडी त्या ‘दहापैकी बाई’. हे त्यांना ठाऊक होतं. त्यावर तक्रार एवढीच, की दहा हा फार लहान नमुना झाला, निदान शंभर तरी म्हणायचं.

शुक्रवार पेठेत एका किराणा दुकानाच्या माडीवर त्यांच्या दोन खोल्या होत्या. लग्न केलेलं नव्हतं. का, असं कुणी विचारलंच तर ‘वेळेवर उत्तर आलं नाही’ एवढंच सांगत. उत्तर कुणाकडून यायचं होतं ते आम्हाला कधी कळलं नाही. भिंतीवर एक दिनदर्शिका असायची आणि ज्या दिवशी नळाला पाणी आलं त्या दिवसाच्या चौकोनात पेन्सिलीचं बारीक टिंब. आमच्या शहरात पाणी रोज येत नाही, हे सोलापूरकराला सांगायला नको. पेठेतल्या बायका पाण्याचा दिवस बाईंनाच विचारायला येत. बाई टिंबं बघून सांगायच्या, ‘बहुतेक गुरुवारी. पण शब्द देत नाही.’ शब्द त्यांनी कधीच दिला नाही, आणि तरी आख्खी गल्ली त्यांच्या भरवशावर घागरी मांडून बसायची.

वडील विणकर, घरात तेलुगू. बाई मराठीत शिकवायच्या, फळ्यावर इंग्रजीत लिहायच्या, पण मोजताना मात्र ‘ओकटी, रेंडू, मूडू’ असं पुटपुटायच्या आणि मागची बाकं खुसखुसायची. मी एकदा धीर करून विचारलं, ‘बाई, मोजायला तेलुगूच का?’ त्या म्हणाल्या, ‘लहानपणी मागावरचे धागे मोजायचे मी. एक चुकला की वडील सगळं पुन्हा करायला लावायचे. त्या भाषेत चुकायची भीती बसलीय, म्हणून त्याच भाषेत मोजते.’ मला ते तेव्हा गमतीचं वाटलं होतं.

त्यांचं आणखी एक वाक्य प्रसिद्ध होतं: ‘आमटी ढवळल्याशिवाय चाखू नये.’ नमुना कसा निवडावा ह्यावरचा धडा त्यांनी ह्या एका वाक्यात उरकला होता. वरवरचं पाणी चाखून आमटी अळणी ठरवायची, किंवा तळाचा गाळ चाखून खारट, दोन्ही मूर्खपणा. एकदा त्या आमच्या घरी जेवायला आल्या असताना आईनं ‘मीठ बघता का’ म्हणून पळीभर आमटी पुढं केली. बाई उठल्या, पातेल्यापाशी गेल्या, सगळी आमटी तळापासून ढवळली आणि मगच चाखली. आई पुढं कितीतरी दिवस त्यांची नक्कल करून दाखवायची.

मी त्यांचा मधल्या बाकावरचा विद्यार्थी. पुढं संगणकाकडं वळलो आणि सोलापुरातच एका संस्थेच्या प्रकल्पात लागलो. काम असं होतं: मेंढपाळानं फोनवर आपल्या बोलीत मेंढराला काय झालंय ते सांगायचं, आणि फोननं काय करायचं ते त्याला सांगायचं. त्यासाठी आधी फोनला ते सगळं जग समजावून द्यावं लागतं. कोणता आजार कशाचा प्रकार, कोणतं लक्षण कोणत्या आजाराचं, कोणतं औषध कशावर, अशी सगळी नाती जोडून एक मोठा तक्ता करावा लागतो. त्याला ऑन्टॉलॉजी म्हणतात. बाईंना मी हे तीनदा समजावून सांगितलं. शेवटी त्याच म्हणाल्या, ‘म्हणजे भावकी. कोण कुणाचा कोण, ते लिहून ठेवायचं.’ तेव्हापासून भेटलो की पहिला प्रश्न, ‘तुझी भावकी कुठवर आली?’

गंमत अशी की त्यात माझी खरीखुरी भावकीही होती. आमचं घराणं सांगोल्याकडच्या माळावरचं, मेंढरं राखणारं. वडिलांनी नोकरी धरली आणि ते सोलापूरला आले. थोरले चुलते मात्र अजून मेंढरांमागं फिरतात. त्यांना आम्ही तात्या म्हणतो. मेंढरातलं तात्यांना कळतं तेवढं डॉक्टरलाही कळत नाही, अशी आमच्या घरची पक्की समजूत. तेव्हा तक्त्यासाठी जाणकार गाठायची वेळ आली, तसा मी दुसरीकडं कुठं गेलोच नाही. सरळ तात्यांच्या तळावर गेलो. तळावरच्या पंधरा जणांना आजारी मेंढरांची चित्रं दाखवली आणि ‘हे काय, ह्याला काय द्यायचं’ असं विचारलं. पंधरा जणांची उत्तरं जवळपास सारखी आली. एवढं एकमत म्हटल्यावर तक्त्याला आता मरण नाही, असं मला वाटलं.

तक्ता फोनवर चढवण्याआधी बाहेरच्या एका संख्याशास्त्रज्ञानं तो तपासून सही करायची होती. संस्थेच्या साहेबांना मी बाईंचं नाव सुचवलं. माझं गणित सरळ होतं. आपल्याच बाई आहेत, सही करतील. आठ दिवसांत तक्ता फोनवर जाईल, दोन वर्षांच्या कामाचं चीज होईल आणि माझी कंत्राटी नोकरी कायम होईल.

बाईंनी कागद पुढं घेतले, पेन्सिल कानावर ठेवली आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचले. मग म्हणाल्या, ‘इतकं जुळतं कसं रे?’

‘जाणकार आहेत, बाई.’

‘सख्ख्या दोन बहिणींच्या हातचं मीठ जुळत नाही. पंधरा माणसांचं आजारातलं मत जुळतं?’ त्यांनी चष्मा काढला. ‘कुठं बसून विचारलंस?’

मी सांगितलं. जेवणं झाल्यावर, बाभळीखाली, सगळे गोल करून बसले होते.

‘आणि तुझे तात्या?’

‘मध्ये. पहिल्यांदा त्यांनाच विचारलं. मानाप्रमाणं.’

बाईंनी कागद मिटले. ‘मग तुझ्याकडं पंधरा उत्तरं नाहीत. एकच आहे, पंधरा वेळा लिहिलेलं. मला तिथं घेऊन चल.’

ते उन्हाळ्याचे दिवस होते आणि तळ उजनी धरणाच्या काठाला पडला होता. पाणी ओसरलं की काठाला हिरवं मिळतं, म्हणून माळावरचे कळप तिकडं उतरतात. फाट्यापर्यंत एसटीनं आणि पुढं एका पाहुण्याच्या मोटारसायकलवर माझ्यामागं बसून बाई निघाल्या. वय पासष्टीच्या पुढं, गुडघे दुखरे, खांद्याला पिशवी आणि पिशवीत खडखडणारे चार पत्र्याचे डबे. डबे कशाला, हे मी दोनदा विचारलं. ‘आमटी ढवळायला,’ म्हणाल्या.

तळावर चहा झाला. बाईंनी सगळ्यांदेखत एक चित्र पुढं धरलं. गळ्याखाली मऊ सूज उतरलेली मेंढी. ‘हिला काय द्यायचं?’ बाकीच्या चौदाही माना तात्यांकडं वळल्या. तात्या म्हणाले, ‘जंताची गोळी द्यायची. उटतंय.’ ‘व्हय, जंताचीच गोळी,’ बाकीचे म्हणाले. आमच्यात थोरला बोलला की त्यावर धाकट्यानं बोलायचं नसतं. हे कुणी शिकवत नाही, पण ते मोडलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. मीही कधी मोडलं नव्हतं.

मग बाईंनी सांगितलं, की आता एकेकाला बाजूला बोलावून विचारायचं आहे. तात्यांच्या हातातली चिलीम थांबली. ‘माज्या तळावर, माज्या माघारी इचारनार?’ आवाज चढलेला नव्हता. मी जमिनीकडं बघत राहिलो. बाई म्हणाल्या, ‘तात्या, मेंढरं मोजताना तुम्ही कळप मोकळा सोडून मोजता का?’

‘न्हाय. जाळीतनं एकेक भाईर काडायचं.’

‘मग माणसांचंही तसंच की. आणि पहिले तुम्ही चला. तुम्ही काय सांगितलं ते मी कुणाला सांगणार नाही, आणि बाकीच्यांचं तुम्हाला.’

तात्यांनी चिलीम झाडली आणि ते उठले.

ट्रॅक्टरच्या ट्रॉलीमागं बाईंनी डबे मांडले. पहिला जंताच्या गोळीचा, दुसरा दुसऱ्या औषधाचा, तिसरा डॉक्टरला दाखवायचा आणि चौथा ‘माहीत नाही’चा. एकेकानं यायचं, चित्र बघायचं आणि वाटेल त्या डब्यात खडा टाकायचा. बाई वहीत खूण करायच्या. गोल बसून विचारलं तेव्हा ‘माहीत नाही’ असं एकानंही म्हटलं नव्हतं. आता बघतो तर सगळ्यात जड तोच डबा. बाईंनी तो हातात उचलून मला धरायला दिला.

शेवटी काकी आली, तात्यांची बायको. आजारी मेंढरं आणि कोकरं तळावर तिच्याच हाताखाली असतात, आणि तरी माझ्या पंधरा जणांत ती कोपऱ्यात बसून मान हलवणारी होती. गळ्याच्या सुजेचं चित्र बघून तिनं खडा हातातच धरला. ‘हे चरलंय कुटं?’

‘का हो?’ बाईंनी विचारलं.

‘माळावरचं आसंल तर गोळीच्या डब्यात. हितल्या पान्याकाटचं आसंल तर न्हाय. ते त्या गोळीनं उटत न्हाय. लई घालवल्यात आमी तशी.’

‘कधीपासून बघताय?’

‘लगीन झाल्यापास्नं.’

माझ्याच्यानं राहवलं नाही. ‘काकी, मग मी इचारलं तवा का बोलली न्हाईस?’

तिनं माझ्याकडं वेड्याकडं बघावं तसं पाहिलं. ‘त्येनी सांगितल्यावर मी काय सांगू?’

सोलापूरला आल्यावर बाईंनी अहवाल दिला. पानभर आकडेमोड आणि खाली एक शब्द, नापास. बैठकीत साहेब म्हणाले, ‘मॅडम, पंधरा जाणकारांचं एकमत आहे. जरा समजून घ्या.’ बाई म्हणाल्या, ‘एकमत आहे, म्हणूनच.’ वेळ विचारल्यावर घड्याळ बघून सांगावी तसं त्या नापास म्हणायच्या, राग नाही, लोभ नाही. तक्त्याची तारीख गेली. माझ्या कायम होण्याचा कागदही त्याबरोबर गेला.

जिन्यात मी त्यांना गाठलं. ‘बाई, तुमच्या एका शब्दानं माझी दोन वर्षं गेली.’ बाई कठडा धरून एकेक पायरी उतरत होत्या. म्हणाल्या, ‘फोनचं ऐकून एखादी बाई पाण्याकाठच्या मेंढीला नुसती जंताची गोळी देत राहिली, तर तिचं काय जाईल?’ मी त्यांना रिक्षासुद्धा बघून दिली नाही. पुढं दीड महिना त्यांची माडी चढलो नाही. चूक माझी होती हे कळत होतं, त्यामुळं राग जास्तच टिकला.

तो राग मोडला काकीच्या फोननं. ‘काळं दोरं सपलं. येताना घिऊन ये.’ कसले दोरे? तेव्हा कळलं, की बाई माझ्यामागं परस्पर काकीशी बोलत होत्या. पाण्याकाठी चरणाऱ्या मेंढराला गळ्याची सूज आली की जंताची गोळी द्यायची आणि गळ्यात काळा दोरा बांधायचा. त्या वर्षी भावकीतलाच दुसरा एक कळप माळावर राहिला होता, त्यातल्या आजाऱ्यांना पांढरा. दहा दिवसांनी दोरा सोडायचा. मेंढरू उठलं असेल तर दोरा सरळ ठेवायचा, नसेल तर गाठ मारून ठेवायचा. आणि उठलं नसेल त्याला लगेच डॉक्टरांचं दुसरं औषध. ही शेवटची अट काकीची होती. ‘तुमच्या मोजन्यापायी माजं मेंढरू जायाचं न्हाय,’ असं तिनं बाईंना बजावलं होतं. त्याच संध्याकाळी मी माडी चढलो, तर बाई हे मला सांगताना इतक्या खूश होत्या, की मी दीड महिना आलो नव्हतो ह्याचा उल्लेखही झाला नाही. ‘तीन-तीन वर्षं शिकवून मुलांना जे कळलं नाही, ते तुझ्या काकीला फोनवर कळलं,’ म्हणाल्या.

पावसाळा संपता संपता मी दोऱ्यांची पिशवी घेऊन माडीवर गेलो. बाईंनी जमिनीवर चार ढीग केले. काळे सरळ, काळे गाठीचे, पांढरे सरळ, पांढरे गाठीचे. डोळ्यांना कळतच होतं, की गाठीच्या ढिगात काळेच जास्त आहेत. पण बाई डोळ्यांवर विसंबणाऱ्या नव्हत्या. ‘आधी योगायोगाला बोलू द्यायचं,’ त्या म्हणाल्या. ‘हे नुसतं योगायोगानं घडू शकलं असतं का, ते त्याला विचारायचं. त्याला उत्तर देता आलं नाही, की मग आपण तोंड उघडायचं.’ मग मांडी घालून त्यांनी एकेक दोरा मोजला, तेलुगूत. चुकल्यासारखं वाटलं म्हणून पुन्हा मोजला. पेन्सिलीनं आकडेमोड केली, कोष्टकाचं जुनं पुस्तक काढून ताडून पाहिली आणि कागद माझ्याकडं सरकवला. ‘सुजेची दोन घरं कर, एक माळावरच्या आजाराचं, एक पाण्याकाठच्या. ह्या भावकीत दोन भाऊ आहेत, तू एकच लिहिलास.’ त्यांच्या पायांवर डोकं ठेवावं असं मला फार वाटलं. ठेवलं नाही, त्यांना आवडलं नसतं.

पुढं मी पाच वेगवेगळ्या तळांवर गेलो आणि प्रत्येकाला एकटं गाठून विचारलं. बायकांनाही विचारलं. जाणकारांचं एकमत आधीपेक्षा बरंच कमी आलं आणि मी हिरमुसलो. बाई म्हणाल्या, ‘तोंड पाडू नकोस. मागचं एका माणसाचं होतं, हे माणसांचं आहे.’ त्यांनी सही केली, पण पास लिहिलं नाही. लिहिलं: ‘सध्या वापरण्यास हरकत नाही. दर वर्षी पुन्हा तपासावे.’ तक्ता फोनवर गेला, सुजेची दोन घरं घेऊन. फोन आता आधी विचारतो, मेंढरू चरलंय कुठं. माझी नोकरी काही कायम झाली नाही. तीही वर्षावर्षानं पुन्हा तपासली जाते.

बाईंचे गुडघे मग जिना चढू देईनात. हैदराबादची भाची न्यायला आली. स्टेशनवर मी बॅग घेऊन उभा होतो. बाई म्हणाल्या, ‘तिकडं सगळं तेलुगूतच बोलायचं. म्हणजे आता बोलतानाही चुकायची भीती.’ हसल्या, आणि गाडीत बसल्यावर पिशवीतली कडक भाकरी फुटली तर नाही ना, ते बघू लागल्या. निरोप असा झालाच नाही. पुढच्या थंडीत भाचीचा फोनवर निरोप आला, की बाई गेल्या. मला फार वाईट वाटलं. ज्या माणसानं मला नापास केलं, त्याच्याइतकं माझ्या कामाकडं नीट कुणी पाहिलं नव्हतं, आणि हे मी त्यांना तोंडानं कधी सांगितलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी काकीला कळवलं. ती म्हणाली, ‘बाईनी मला इचारलं व्हतं.’ एवढंच म्हणाली आणि फोन ठेवला.

ह्या उन्हाळ्यात तक्ता पुन्हा तपासायला म्हणून तळावर गेलो. कोकरांच्या एका आजाराचं चित्र काढलं. मी तोंड उघडायच्या आत तात्या उठले. ‘आदी हिला इचार. मी हाय तिकडं.’ काठी घेऊन ते पाण्याच्या कडेला गेले आणि आमच्याकडं पाठ करून उन्हात बसले. काकीनं चित्र बघितलं, दोन प्रश्न विचारले आणि तिचं उत्तर सांगितलं. मग तिकडं बघत म्हणाली, ‘बलीव आता त्यास्नी. ऊन लई हाय.’

तात्या आले, टेकले. ‘काय म्हनली ती?’

तात्यांनी विचारलं आणि मी सांगितलं नाही, असं जन्मात झालेलं नव्हतं.

‘ते सांगायचं नसतंय, तात्या. आदी तुमचं सांगा.’

काकीनं पदर सारखा केला आणि खाली बघत राहिली. तात्यांनी माझ्याकडं पाहिलं. मग त्यांनी हात पुढं करून चित्र मागितलं, डोळ्यांजवळ धरलं आणि सावकाश सांगू लागले.

दोघांचं जुळलं नाही. मी दोन्ही लिहून घेतलं.